पुढच्या काचेवर टवका उडाला: रेझिन भरायचं की काच बदलायची?

पुढच्या डंपरमधून खडी उडते, काचेवर ‘टक्’ आवाज येतो आणि बाजरीच्या दाण्याएवढा टवका उडतो. गाडी चालत असते, काच जागेवर असते, म्हणून बहुतेक लोक महिना-दोन महिने तसेच काढतात. टवका भरून काम भागण्यासारखं असतं ते मात्र पहिल्या काही दिवसांतच. नंतर त्यात धूळ, पावसाचं पाणी आणि गाडी धुण्याचा शाम्पू शिरतो. मग दीड-दोन हजारांत मिटणारं काम पूर्ण काचेवर जातं.

पुढची काच लॅमिनेटेड असते. साधारण दोन-दोन मिलिमीटरच्या दोन काचा आणि त्यांच्यामध्ये ०.७६ मिलिमीटरचा पीव्हीबी नावाचा लवचिक पडदा. दगड लागतो तेव्हा बहुधा बाहेरचीच काच फुटते, पडदा आणि आतली काच शाबूत राहतात. रेझिन, म्हणजे टवक्यात शिरून नंतर घट्ट होणारा पारदर्शक द्रव, भरता येतं ते याच कारणाने. दरवाज्यांच्या आणि मागच्या काचा बहुतेक गाड्यांत टफन्ड असतात. त्या फुटल्या की त्यांचे खडीसाखरेसारखे तुकडे होतात, त्यामुळे तिथे दुरुस्तीचा प्रश्नच उरत नाही.

आधी टवका नीट बघा

सावलीत गाडी उभी करा, काच थंड होऊ द्या आणि ओल्या कपड्याने पुसा. मग चार गोष्टी तपासा.

पहिली, खोली. आतून त्या जागेवर नख फिरवा. नख कुठेही अडकलं तर आतली काचही गेली आहे, तिथे रेझिनचा विचार सोडून द्या. टवक्याभोवती दुधाळ पांढरी छटा पसरली असेल तर पडदा काचेपासून सुटू लागलाय. तीही काच बदलायचीच.

दुसरी, आकार. दहा रुपयांचं नाणं २७ मिलिमीटरचं असतं. ते टवक्यावर धरा. सगळी इजा त्याखाली झाकली जात असेल तर काम चांगलं होण्याची शक्यता मोठी. गोल खड्डा आणि अर्धचंद्र सगळ्यात छान भरतात. चांदणीसारखे पाय फुटलेला टवका जरा अवघड, कारण रेझिन प्रत्येक पायाच्या टोकापर्यंत पोहोचावं लागतं. लांब तडा भरून देणारे लोक आहेत, पण आपल्याकडचे गतिरोधक आणि खड्डे बघता १५ सेंटिमीटरच्या पुढच्या तड्यावर पैसे घालू नयेत.

तिसरी, जागा. काचेच्या कडेपासून तीन बोटांच्या आत, म्हणजे सुमारे ५ सेंटिमीटरमध्ये तडा असेल तर काच बदला. काच कडेनेच बॉडीला चिकटवलेली असते. घाटात किंवा खड्ड्यात बॉडी जरा पिळली की सगळा ताण कडेवर येतो आणि भरलेला तडा पुन्हा धावतो.

चौथी, आणि लोक हमखास विसरतात ती: ड्रायव्हरची नजर. उत्तम भरलेल्या टवक्याचीही पुसटशी खूण राहते. दिवसा ती जाणवत नाही. रात्री पावसात समोरून हायबीम आला की त्याच ठिपक्यातून प्रकाश फाकतो. ब्रिटनमधल्या वार्षिक वाहन तपासणीचा निकष इथे मापाला बरा आहे: स्टीअरिंगच्या मध्याला धरून २९० मिलिमीटर रुंद पट्ट्यात १० मिलिमीटरपेक्षा मोठी इजा चालत नाही, वायपर फिरतो त्या बाकीच्या भागात ४० मिलिमीटरपर्यंत चालते. गाडीत बसून स्टीअरिंगच्या मध्यापासून दोन्ही बाजूंना सुमारे साडेचौदा सेंटिमीटर अंतर मनाने आखा, तो तुमचा पट्टा.

वायपरच्या झिजलेल्या रबरामुळे पडलेले चरे या हिशोबात येत नाहीत. ते रेझिनने भरत नाहीत आणि घासून काढायला गेलं तर काचेला लाट येते. नजरेसमोर खोल चरे असतील तर काच बदलणे एवढाच मार्ग.

रेझिनचं काम कुठे फसतं

काम अर्ध्या-पाऊण तासाचं. कारागीर टवक्यातला काचेचा भुगा सुईने काढतो, ओल असेल तर सौम्य उष्णतेने घालवतो. मग सक्शन कपवर उभा राहणारा छोटा स्टँड काचेवर बसवून त्याच्या नळीतून रेझिनचे काही थेंब सोडतो. स्क्रू उलटा फिरवून आधी आतली हवा ओढायची, मग सुलटा फिरवून रेझिन दाबायचं, असं दोन-तीनदा चालतं. शेवटी यूव्ही (अतिनील) दिव्याखाली रेझिन घट्ट होतं. वरचा खड्डा दाट रेझिनने भरून, त्यावर पारदर्शक फिल्म ठेवून पुन्हा दिवा, मग ब्लेडने साफ आणि पॉलिश.

काम उन्हात चाललं असेल तर थांबवा. सूर्यप्रकाशातही यूव्ही असतो, त्यामुळे रेझिन पायांच्या टोकापर्यंत पोहोचायच्या आत घट्ट होऊ लागतं. शिवाय तापलेल्या काचेवर दाब दिला की तडा तिथल्या तिथे लांबतो. हा धोका सावलीतही थोडा उरतोच. म्हणून पैसे ठरवतानाच विचारून घ्या: भरताना तडा वाढला तर पैसे परत मिळतील का, किंवा नव्या काचेच्या बिलात वळते होतील का. धड दुकानदार याचं सरळ उत्तर देतो.

दिवा लावण्याआधी आत बसून, बाहेर गडद कापड धरून बघा. एखादा पाय चांदीसारखा चमकत असेल तर तिथे अजून हवा आहे. रेझिन घट्ट होण्याआधी हे सांगितलं तर पुन्हा दाब देता येतो, नंतर नाही.

आणि कृपा करून टवक्यात फेविक्विक ओतू नका. ते तोंडाशीच घट्ट होऊन बसतं, आत रेझिन जायला वाट राहत नाही आणि पुढे पांढुरकं पडतं. अशी काच चांगला कारागीर हातात घेत नाही. ऑनलाइन मिळणाऱ्या उन्हात सुकणाऱ्या किटचंही तेच: एकच संधी असते. प्रवाशाच्या बाजूचा छोटा गोल खड्डा असेल तर वापरून बघायला हरकत नाही, चांदणीवर मात्र नको.

काच बदलताना चिकटवण्याचं काम बघा

गिऱ्हाईक काचेच्या ब्रँडवर घासाघीस करतं आणि ती चिकटवायची कशी हे कारागिरावर सोडतं. खरं तर उलट व्हायला हवं. एआयएस (असाही इंडिया ग्लास) आणि सेंट-गोबेन सेक्युरिट यांच्या काचा इथल्या कार कंपन्या वापरतात. सेक्युरिटचा कारखाना चाकणलाच आहे. कार कंपनीचा शिक्का नसलेली, पण अशाच उत्पादकाची काच स्वस्त पडते आणि बहुतेक गाड्यांना पुरते. काचेच्या कोपऱ्यातला छापा वाचा: उत्पादकाचं नाव, लॅमिनेटेड असल्याची खूण आणि आयएसआय चिन्ह. पुढच्या काचेतून किमान ७० टक्के प्रकाश आरपार गेला पाहिजे, असा केंद्रीय मोटार वाहन नियमांचा दंडक आहे. त्यामुळे ‘थोडी डार्क देतो’ म्हणणाऱ्याला नकार द्या. जुन्या काचेवर रेन सेन्सर, कॅमेऱ्याचा ब्रॅकेट किंवा आवाज कमी करणारा अकूस्टिक थर असेल तर नवीही तशीच हवी, नाहीतर बसवल्यावर कळतं की वायपरचा ऑटो मोड गेला.

आता चिकटवण्याकडे वळू. हल्लीच्या गाड्यांत काच पीयू, म्हणजे पॉलियुरेथेन सीलंटवर बसते. ट्रक-बस आणि काही जुन्या गाड्यांतली रबर बीडिंगची पद्धत वेगळी. जुनी काच तारेने किंवा सुरीने कापून काढतात. त्यानंतर बॉडीवरचं जुनं पीयू मुळापासून खरवडायचं नसतं. एक-दोन मिलिमीटरचा सपाट थर ठेवायचा, नवं पीयू त्यालाच सगळ्यात घट्ट धरतं. कापताना रंगावर ओरखडा गेला असेल तर तिथे मेटल प्रायमर लागलाच पाहिजे. तो न लावल्यास गंज धरतो, गंजावरून पीयू सुटतं आणि दोन पावसाळ्यांत पाणी डॅशबोर्डखालच्या वायरिंगवर टपकू लागतं. कोकणातल्या खाऱ्या हवेत हे लवकर होतं. काचेच्या काळ्या पट्ट्यावरही क्लीनर आणि प्रायमर लागतो, आणि पुसलेल्या पट्ट्याला उघडं बोट लागता कामा नये.

पीयूची धार सलग, त्रिकोणी, साधारण १०-१२ मिलिमीटर उंच पडते आणि वरची कातडी धरायच्या आत काच सक्शन कपने उचलून एकदाच बसवतात. कारागीर सिलिकॉनची ट्यूब काढताना दिसला तर काम थांबवा, त्याची पकड इथे पुरत नाही. अपघातात प्रवाशाच्या बाजूची एअरबॅग वर उघडते ती काचेचा आधार घेऊन. काच सुटली तर एअरबॅगही जागेवर राहत नाही.

पीयू हवेतला ओलावा घेऊन घट्ट होतं, म्हणून कोरड्या हवेत जास्त वेळ लागतो. किती तासांनी गाडी चालवायची ते ट्यूबवर लिहिलेलं असतं. काही प्रकारांना तास पुरतो, काहींना सहा-आठ. पहिले २४ तास एक खिडकी बोटभर उघडी ठेवा, दारं आपटू नका, काच धरून ठेवायला लावलेली टेप काढू नका, प्रेशर वॉशर तर दोन दिवस लांबच. रिमझिम पावसात उघड्यावर काच बसवून घेऊ नका. ओलावा नंतर उपयोगी असला तरी लावतेवेळी पृष्ठभाग कोरडाच हवा.

एडीएएसच्या, म्हणजे लेन ओळखणारी आणि आपोआप ब्रेक लावणारी यंत्रणा असलेल्या गाड्यांचं गणित वेगळं. एक्सयूव्ही ७००, अ‍ॅस्टर, व्हर्ना किंवा हॅरिअरच्या वरच्या व्हेरिएंटमध्ये आरशामागे कॅमेरा असतो. काच बदलली की त्याचं कॅलिब्रेशन, म्हणजे नेम पुन्हा जुळवणं, करावं लागतं. ते न केल्यास लेन ओळखण्यात आणि आपोआप ब्रेक लागण्यात चूक होऊ शकते. तिथे टवका दुरुस्त होण्यासारखा असेल तर दुरुस्तीच्या बाजूने झुकावं. अपवाद एकच: टवका कॅमेऱ्याच्या समोरच असेल तर भरू नका, बदला.

| | रेझिन भरणे | काच बदलणे |
|---|---|---|
| वेळ | अर्धा-पाऊण तास, लगेच गाडी चालवा | दोन-तीन तास, शिवाय पीयू सुकण्याचा वेळ |
| कंपनीचं मूळ सील | तसंच राहतं | तुटतं, कारागिरावर अवलंबून |
| दिसणं | पुसट खूण राहते | नव्यासारखं |
| मुख्य धोका | भरताना तडा वाढणे | गळती, गंज, वाऱ्याचा आवाज |
| फास्टॅग | सुरक्षित | नवा घ्यावा लागतो |

क्लेम करायचा का?

थर्ड पार्टीच पॉलिसी असेल तर प्रश्न मिटला, काच त्यात येत नाही. सर्वंकष पॉलिसीत काचेवर घसारा शून्य असतो, त्यामुळे झिरो डेप (घसारा न कापणारं जादा कव्हर) नसलं तरी काचेचे पैसे पूर्ण धरतात. १५०० सीसीपर्यंतच्या गाडीला १,००० आणि त्यापुढे २,००० रुपये सक्तीने तुमच्या खिशातून जातात. रबर मोल्डिंगवर ५० टक्के घसारा, सीलंटसारख्या वस्तूंना वेगळं कव्हर लागतं.

खरा खर्च नो क्लेम बोनसचा, म्हणजे क्लेम न केल्याबद्दल प्रीमियमवर मिळणाऱ्या सवलतीचा. समजा, तुमच्या ओन डॅमेज (स्वतःच्या गाडीचं नुकसान) भागाचा मूळ प्रीमियम १०,००० रुपये आहे आणि बोनस ५० टक्के, म्हणजे तुम्ही ५,००० भरता. क्लेम केला की बोनस शून्यावर येतो आणि पुढे २०, २५, ३५, ४५ असा पुन्हा चढतो. प्रीमियम तेवढाच राहतो असं धरलं तर पाच वर्षांत ५,००० + ३,००० + २,५०० + १,५०० + ५००, असे १२,५०० रुपये जास्त जातात, जीएसटी सोडून. हॅचबॅकच्या सात-आठ हजारांच्या काचेसाठी क्लेम करणं शुद्ध तोटा. बोनस आज २० टक्केच असेल तरी याच हिशोबाने ८,००० जातात, कारण पुढे चढणारा बोनस हुकतो. कॅलिब्रेशनसकट तीस-चाळीस हजारांचं बिल असेल तर मात्र क्लेम करा. बोनस राखणारं कव्हर घेतलं असेल तर हा हिशोब बदलतो. काही कंपन्या काचेची नुसती दुरुस्ती क्लेममध्ये धरत नाहीत. पॉलिसीत पाहून घ्या. क्लेम करायचाच असेल तर कळवण्याआधी आणि सर्व्हेच्या आधी काच काढू देऊ नका.

काच बदलायचं ठरलं तर त्याआधी फास्टॅग दिलेल्या बँकेकडे नव्या टॅगची मागणी नोंदवा. जुना टॅग काढताना फाटतो आणि टॅगविना टोलवर जास्त पैसे मोजावे लागतात. एचएसआरपीसोबत (हाय सिक्युरिटी नंबरप्लेट) आलेला काचेवरचा स्टिकरही काढताना खराब होण्यासाठीच बनवलेला असतो, तो पुन्हा मागवावा लागतो.

काहीही ठरो, कारागिराकडे पोहोचेपर्यंत टवका कोरडा असताना त्यावर पारदर्शक टेप चिकटवा, गाडी धुऊ नका. उन्हात तापलेल्या काचेवर एसीचा थंड झोत सोडू नका. आधी खिडक्या उघडून गरम हवा घालवा, मग झोत चेहऱ्याकडे ठेवून एसी लावा.