पेन्शनच्या कामाला जाताय तर आईला सोबत न्या – सोलापुरातलं सात रस्त्याकडचं फौजींचं दुकान, ५ पैकी ४ स्टार

पाटीवर नुसतं 'सर्व प्रकारचे ऑनलाईन फॉर्म भरून मिळतील' एवढंच लिहिलंय, त्यामुळं नवीन माणूस सरळ पुढं निघून जातो, पण सात रस्त्याला कुणालाही फौजीचं दुकान कुठंय विचारलं की बोट दाखवतात. चालवणारे काका आर्मीतून सुभेदार म्हणून रिटायर झालेत, क्लार्क होते, म्हणजे आयुष्यभर कागदच हाताळलेत, आणि शेजारच्या टेबलावर काकू बसतात. पॅनकार्ड, सातबारा, लाईटबिल हे सगळं होतंच तिथं, पण खरी गर्दी माजी सैनिकांची आणि त्यांच्या घरच्यांची. बार्शी, मोहोळ, मंगळवेढा, अक्कलकोट, सगळीकडून लोक येतात.

आमचे पप्पा मराठा लाईट इन्फंट्रीतून हवालदार रिटायर. पेन्शन आता स्पर्श पोर्टलवरनं (फौजींच्या पेन्शनची सरकारी वेबसाईट) येते, प्रयागराजच्या पेन्शन ऑफिसातनं थेट खात्यात, आधीसारखा बँकेचा पेन्शन विभाग मधे नसतो, त्यामुळं काही अडलं तर बँकेतला साहेब पण हात वर करतो. दरवर्षी नोव्हेंबर आला की हयातीच्या दाखल्याची धावपळ असते, या वेळी पप्पांचा ओटीपी जुन्या बंद पडलेल्या नंबरवर जायला लागला म्हणून कुणीतरी या दुकानाचं नाव सांगितलं आणि मी त्यांना घेऊन गेले.

काकांनी पप्पांची कागदं बघितली, दाखला तिथल्या तिथं काढून दिला, चेहरा स्कॅन करून, पाच मिनिटात. मग विचारलं,

"मॅडम कुठायत?"

"कोण मॅडम?"

"अहो तुमच्या मिसेस. त्यांचं नाव, जन्मतारीख रेकॉर्डला बरोबर आहे का बघायचंय. त्यांना घेऊन या, बाकीची फाईल त्यांच्यासमोर उघडू."

पप्पा म्हणाले तिला काय कळतंय त्यातलं. तर काकू शेजारच्या टेबलावरनं मान वर न करता म्हणाल्या, "म्हणूनच तर आणा म्हणायलेत."

पप्पा रस्ताभर पुटपुटत होते, मला मात्र तिथंच दुकान पटलं. कारण आमच्या आईनं पप्पांची सगळी सर्व्हिस गावात काढलीय. पप्पा वर्षातनं सुट्टीवर येणार, बाकी दिवस कोरडवाहू शेत, म्हातारे सासू-सासरे, सोसायटीचं कर्ज, आमच्या शाळा, सगळं तिच्या अंगावर. सोसायटीच्या सचिवाशी भांडून व्याजाचा हिशोब परत करायला लावणारी बाई ती, पण पीपीओ (पेन्शन मंजुरीचा कागद) हा शब्द तिनं कधी ऐकला नव्हता कारण ती फाईल कायम पप्पांच्या ट्रंकेत आणि ट्रंकेची किल्ली पप्पांच्या जानव्यागत गळ्यात. ओळखीच्या कुठल्याही फौजीच्या घरी जाऊन बघा, फाईल कुठंय ते घरातल्या बाईला माहीत नसतं.

आई आली तेव्हा काकूंनी पप्पांकडं बघितलंसुद्धा नाही, खुर्ची आईला दिली आणि स्क्रीन तिच्याकडं फिरवली. पीपीओवर आईचं नाव 'मंगल', आधारवर 'मंगलबाई'. जन्मतारीख दोन्हीकडं १ जून (त्या पिढीचे निम्मे लोक हेडमास्तरांच्या कृपेनं १ जूनलाच जन्मलेत) पण वर्षात दोन वर्षांचा फरक. आता पप्पा आहेत तोवर याचा कुणाला त्रास नाही, पैसे येतात, सगळं गोड. अडतं ते नंतर. फॅमिली पेन्शन चालू करायची वेळ आली की पोर्टल म्हणणार ही बाई ती नव्हेच, आणि मग ज्याच्या सहीनं हे सरळ झालं असतं तो माणूसच नसतो. काकांनी हे पप्पांच्या तोंडावर सांगितलं, एकदम साध्या आवाजात, ड्युटी चार्ट वाचून दाखवावा तसं. पप्पा गप्प.

दुरुस्ती कशी असते तेही नीट सांगितलं: अ‍ॅफिडेव्हिट, आधार, पॅन, पासबुक, डिस्चार्ज बुकाची (फौजेतून सुटताना मिळतं ते) झेरॉक्स जोडून रेजिमेंटच्या रेकॉर्ड ऑफिसला अर्ज, मराठा लाईट इन्फंट्रीचं म्हणजे बेळगावला, तिथं रेकॉर्ड सुधारलं की मग कॉरिजेंडम म्हणजे दुरुस्तीचा पीपीओ निघतो. वेळ लागतो. आमचा अर्ज गेलाय, काम अजून पूर्ण व्हायचंय, ते झालं की इथं लिहीन, पण काम झालं नाही म्हणून दुकानाला नावं ठेवण्यात अर्थ नाही, तो भाग त्यांच्या हातातच नाही आणि त्यांनी पहिल्याच दिवशी तसं सांगितलं होतं. मागं एका दुसऱ्या ठिकाणी 'आठ दिवसात करून देतो' म्हणून पैसे घेतलेले, नाव घेत नाही.

मग काकूंनी आईला विचारलं, यांच्या पाठीमागं किती मिळणार माहितीय का? आईला ते बोलणं अशुभ वाटलं, पदर वगैरे तोंडाशी. पण काकूंनी सोडलं नाही. साधी फॅमिली पेन्शन म्हणजे शेवटच्या पगाराच्या ३० टक्के, आणि रिटायर झाल्यावर माणूस गेला तर सुरुवातीला ५० टक्के, पण ती ७ वर्षं किंवा गेलेल्याचं वय ६७ झालं असतं तोपर्यंत, जे आधी येईल ते. सर्व्हिसमुळं मृत्यू आला असेल तर स्पेशल, ती ६० टक्के. हे मलासुद्धा माहीत नव्हतं, आणि मी स्वतः ऑफिसात काम करते. खातं दोघांच्या नावावर आहे का, 'आयदर ऑर सर्व्हायव्हर' (दोघांपैकी कुणीही, आणि एक गेला तर मागं राहिलेल्यानं चालवायचं) आहे का हेही विचारलं. नव्हतं. पप्पांच्या एकट्याच्या नावावर होतं, इतकी वर्षं.

शेवटी आईकडनंच स्पर्शवर लॉगिन करून घेतलं. एका बोटानं, चष्मा कपाळावर, पासवर्डातलं एक अक्षर चुकलं की काकू म्हणायच्या असू दे, परत. अर्धा तास गेला त्यात आणि मागं लाईन लागलेली, पण कुणी ओरडलं नाही कारण लाईनीतल्या निम्म्या जणांना पण 'मॅडमना घेऊन या' करून परत पाठवलेलं होतं.

त्याच लाईनीत पूर्व भागातली एक आजी होती, नवरा फौजेत होता, आता फॅमिली पेन्शनवर. जन्मभर विड्या वळून बोटांवरच्या रेषाच गेल्यात, आधी जिथं गेली तिथं अंगठा उमटत नाही म्हणून मशीन सारखं लाल व्हायचं आणि तिलाच हात धुऊन या, तेल लावून या करायचे. इथं काकूंनी मशीनला हातच लावला नाही, मोबाईल तिच्या तोंडासमोर धरला, तेलगूत काहीतरी बोलल्या, आजीनं डोळे मिचकावले आणि झालं. हे चेहऱ्यावरनं हयातीचा दाखला काढायचं २०२१ च्या नोव्हेंबरपासनं चालू आहे, जीवन प्रमाण म्हणजे ऑनलाईन हयातीचा दाखला तर २०१४ पासनं आहे, तरी अजून लोक म्हाताऱ्यांच्या बोटांशी झटापट करायलेत. सोलापुरात विडी कामगार बायका किती आहेत बघता हे दर दुकानदाराला यायला पाहिजे खरं तर. आजीचं वय ८० च्या वर आहे म्हटल्यावर काकूंनी सांगितलं की पुढच्या वर्षी नोव्हेंबरची गर्दी बघत बसू नका, ८० च्या वरच्यांना १ ऑक्टोबरपासनं देता येतो.

पैशाचं सांगते. दाखल्याचे ५० रुपये, अर्ज तयार करायचे त्यांच्या कामाप्रमाणे, रेट भिंतीवर लावलेत. फुकट करत नाहीत, आणि मला ते बरोबर वाटतं, फुकट म्हटलं की आपले लोक पण उपकार घेतल्यागत मान खाली घालून बसतात. पण जे काम जिल्हा सैनिक कल्याण कार्यालयात विनामूल्य होतं ते ते घेतच नाहीत, "तिथं जा की, माझ्याकडं कशाला पैसे घालता" म्हणून चिठ्ठीवर कागदांची यादी लिहून देतात. एका हवालदाराची मुलगी इंजिनिअरिंगला लागलेली, तिला पंतप्रधान शिष्यवृत्तीचं सांगत होते: माजी सैनिकांच्या मुलींना महिन्याला ३००० आणि मुलांना २५००, बारावीला किमान ६० टक्के पाहिजेत, आणि पहिल्या वर्षीच अर्ज करायचा, नंतर घेत नाहीत. आमच्या धाकट्याच्या वेळी हे कुणी सांगितलं असतं तर! घरपट्टी माफीचं पण आम्हाला तिथंच कळलं.

आता नवल याचं वाटतं की २६ जानेवारी, १५ ऑगस्टला पप्पांना गावात शाल-श्रीफळासाठी बोलावतात, घरात शालींची चवड लागलीय, आईला एकदाही स्टेजवर बोलावलं नाही, ती खाली बायकांच्यात बसून टाळ्या वाजवते. ७ डिसेंबरला ध्वज दिनाचं स्टिकर लावून फोटो पण काढतात सगळे. काढू दे, माझं काही म्हणणं नाही. पण इतक्या वर्षात आईला खुर्ची देऊन "तुमचं नाव बरोबर लागलंय का बघू" असं पहिल्यांदा कुणी म्हटलं असेल तर ते या पन्नास रुपयेवाल्या दुकानात.

एक स्टार का कापला ते पण ऐका. दुकान पहिल्या मजल्यावर आणि जिना उभा, कठडा एकाच बाजूला. गिऱ्हाईक कोण, तर गुडघे गेलेले फौजी आणि सत्तरीच्या आज्या! काका म्हणतात खाली जागेचं भाडं परवडत नाही, असेल, पण निदान खाली एक बेल तरी बसवा. (जिना न चढणाऱ्या एका आजींना काकूंनी खाली उतरून दाखला काढून दिलेला मी बघितलाय, पण ते कुणीतरी वर येऊन सांगितल्यावर.) टोकन नाही, वहीत नाव लिहायचं आणि वही कुणाच्या हातात आहे ते शोधत बसायचं. काकांची गाडी एकदा सर्व्हिसच्या गोष्टींवर घसरली की प्रिंटर पण थांबतो, समोरचा सियाचीनला राहून आलेला निघाला तर तुमचा नंबर गेला म्हणून समजा. आणि सगळ्यात महत्त्वाचं, झेरॉक्स काढलेली दुसऱ्यांची आधारकार्डं, पीपीओ टेबलावर तशीच पडलेली असतात, कुणीपण वाचू शकतं. हे सुधाराच काका, पेन्शनवाल्यांना फसवणारे फोन किती यायलेत तुम्हाला माहितीय. काम झालं की आपली झेरॉक्स मोजून घ्या आणि पासवर्ड घरी येऊन बदला.

दुपारी दीड ते चार बंद, उन्हाळ्यात पाचपर्यंत. गाडी लावायला जागा नाही. एसटीनं येत असाल तर पंच्याहत्तरीच्या वरच्यांना तिकीट नाहीच, आणि सोबत येणाऱ्या बाईला हाफ, तेव्हा न आणायचं कारण सांगू नका. डिस्चार्ज बुक, पीपीओ, दोघांची आधार आणि पॅन, बँक पासबुक, आणि आधारला जोडलेला नंबर ज्या मोबाईलमध्ये आहे तो चार्ज करून, एवढं सोबत न्या. आमच्यासारखं किल्ली घरी विसरू नका, ट्रंक फोडायची वेळ येते.