घसारा आणि रात्री : सहा वर्षे मोटरहोम बाळगल्याचा हिशेब

इंग्लंडमधील लीड्स येथे राहताना आम्ही एप्रिल २०१८ मध्ये तीन वर्षे वापरलेले, चौघांच्या झोपण्याची सोय असलेले मोटरहोम, म्हणजे गाडीवरच बांधलेले घर, ४४,००० पौंडांना घेतले आणि एप्रिल २०२४ मध्ये ते ३१,५०० पौंडांना विकले. या दोन आकड्यांमधले १२,५०० पौंड कशासाठी गेले, आणि त्यांच्या बदल्यात जे मिळाले ते तेवढ्या मोलाचे होते का, एवढ्यापुरतेच हे परीक्षण आहे.

पहिल्या मालकाने हीच गाडी ६०,००० पौंडांना कोरी घेतली होती. त्यातले १०,००० पौंड निव्वळ २० टक्के व्हॅटचे होते, आणि खासगी मालकाला तो कर विकताना परत मिळत नाही. तीन वर्षांत त्याचे १६,००० गेले. पुढच्या सहा वर्षांत मिळून आमचे त्याहून कमी गेले. म्हणून कोरे मोटरहोम घेण्याचा सल्ला मी कोणालाही देणार नाही. आमची किंमतही सरळ रेषेत उतरली नाही. २०२१ मध्ये परदेशप्रवास जवळजवळ बंद असल्यामुळे मागणी इतकी वाढली, की एका विक्रेत्याने आपणहून ४२,००० देऊ केले होते. भाव असाच राहील या भ्रमात आम्ही नाही म्हटले. हा शहाणपणा अर्थातच माझा होता. पत्नी विकायला तयार होती.

कारची किंमत मुख्यतः वय आणि धाव (गाडी एकूण किती चालली ते) यांवर ठरते, पण मोटरहोममध्ये त्यांच्या जोडीला ओल येते. आमची गाडी फियाट ड्युकाटोच्या सांगाड्यावर बांधलेली होती आणि इंजिनाची धाव वयाच्या मानाने किरकोळ होती, परंतु मागचे घर म्हणजे पत्रे, लाकूड आणि सांधे. सांध्यांतले सीलंट (फटी बुजवणारा लेप) कडक होऊन भेगाळले, की पावसाचे पाणी आत शिरते आणि वरून काहीही न दिसता लाकूड कुजू लागते. त्यामुळे दरवर्षी ओलीची तपासणी करून घ्यावी लागते. मीटरचे वाचन १५ टक्क्यांपर्यंत असेल तर निश्चिंत राहावे, २० च्या वर गेले तर दुरुस्ती काढावी. आमच्या मागच्या खिडकीखाली चौथ्या वर्षी २४ निघाले आणि ९०० पौंड गेले. विकताना गिऱ्हाइकाने इंजिनाआधी या तपासण्यांचेच कागद मागितले. टायरही नक्षी शाबूत असताना केवळ वयामुळे बदलावे लागले. एक गोष्ट मात्र आमच्या पथ्यावर पडली : गाडीचे कमाल वजन ३,५०० किलो होते. १९९७ पासून पुढे परीक्षा उत्तीर्ण झालेल्यांना कारच्या नेहमीच्या परवान्यावर त्याहून जड डिझेल मोटरहोम चालवता येत नाही, त्यामुळे अशा गाडीला गिऱ्हाईक अधिक मिळते.

वर्षाचा सरासरी हिशेब असा : घसारा २,०८३ पौंड, विमा ४५०, गाडी उभी करण्याचे भाडे ६००, सर्व्हिसिंग, एमओटी (गाडीची सक्तीची वार्षिक तपासणी) आणि दुरुस्त्या ७५०, रोड टॅक्स २८०. म्हणजे सुमारे ४,१६० पौंड. सहा वर्षांत आम्ही त्यात २२८ रात्री काढल्या, वर्षाला ३८. तेव्हा डिझेल आणि कॅम्पसाइटचे भाडे धरण्यापूर्वीच एक रात्र ११० पौंडांना पडली. एवढ्यात एखादी बरी खोली मिळते, हे मान्यच करावे लागेल.

पण खोलीत जे मिळाले नसते तेही सांगायला हवे. २०१९ मध्ये आई सहा महिन्यांच्या व्हिसावर आली होती. तिचे गुडघे दुखतात, तिला मधुमेह आहे आणि ती अंडेही खात नाही. स्कॉटलंडच्या उत्तर किनाऱ्यावरून फिरताना दर दोन तासांनी स्वच्छतागृह शोधावे लागले नाही, वेळेवर जेवण झाले आणि डर्नेसला धो धो पाऊस कोसळत असताना तिने आतल्या शेगडीवर मुगाची खिचडी लावली. ॲपलक्रॉसला जाणारा बेलाख ना बा हा घाट मोठ्या गाड्यांना योग्य नसल्यामुळे आम्ही शील्डेगकडून किनाऱ्याच्या रस्त्याने गेलो. ती वाट लांबची होती, पण आईने ती पूर्ण वेळ खिडकीशी बसून पाहिली. त्या १९ रात्रींचे ११० पौंड मला आजही महाग वाटत नाहीत.

महाग पडले ते शेवटचे वर्ष. मुलीची परीक्षा जवळ आली, शनिवार-रविवार शिकवण्यांत जाऊ लागले आणि वर्षभरात आम्ही जेमतेम १४ रात्री बाहेर पडलो. ठरावीक खर्च तसाच राहिल्यामुळे सरासरीच्या हिशेबाने प्रत्येक रात्र जवळजवळ ३०० पौंडांची झाली. ऐन उन्हाळ्यात तशीच गाडी भाड्याने घेण्याचा दर मी विचारला, तो रात्रीला १४० निघाला, आणि त्यात ओलीची काळजी दुसऱ्याची. वर्षाला तिसाहून अधिक रात्री नक्की निघणार असतील, तर चार-पाच वर्षे जुने मोटरहोम घ्यावे. एरवी भाड्याचे बरे. पुढच्या जूनमध्ये आई पुन्हा येत आहे. तिच्यासाठी आम्ही दहा रात्रींची गाडी भाड्याने ठरवली आहे, आणि ठरवताना पहिला प्रश्न दाराच्या पायऱ्या किती उंच आहेत हा विचारला.