बिले दोन जोडण्यांची, वाट मात्र एकच

सर्व्हर एकाच इंटरनेट जोडणीवर अवलंबून राहू नये म्हणून आम्ही एका कंत्राटदाराकडे दुसरी जोडणी आणि दोन्हींच्या राउटिंगची (माहिती कोणत्या वाटेने जायची ते ठरवण्याची) देखभाल अशी दोन्ही कामे सोपवली. दुसरी जोडणी वेगळ्या पुरवठादाराची आणि वेगळ्या फायबरवरून येणारी असेल, पहिली बंद पडताच सर्व्हर आपोआप दुसरीवर जाईल आणि दोन्ही चालू असताना वेग दुप्पट मिळेल, अशी तीन आश्वासने त्याच्या प्रस्तावात होती. तिन्ही खोटी निघाली. ही फसवणूक सहज ध्यानात येत नाही, कारण जोडणीचे डबे (मोडेम) खरोखर दोन बसवलेले असतात, दोन्हींवर दिवे लागलेले असतात आणि दरमहा बिलेही दोन येतात.

काम ताब्यात देताना त्याने जे प्रात्यक्षिक केले, ते कुठेही अपयशी ठरणार नाही असेच निवडलेले होते. त्याने पहिल्या जोडणीची तार सर्व्हरमधून उपसली आणि इंटरनेट चालूच असल्याचे दाखवले. तार निघाली की तो इंटरफेस (सर्व्हरवरचे त्या जोडणीचे टोक) बंद होतो, नेटवर्क सांभाळणारी सेवा त्यावरचा डिफॉल्ट राउट (इंटरनेटकडे जाण्याची ठरलेली वाट) काढून टाकते आणि जास्त मेट्रिक (पसंतीचा क्रम ठरवणारा आकडा) देऊन मागे ठेवलेला दुसरा डिफॉल्ट राउट वापरात येतो. एवढ्यासाठी दोन ओळींपलीकडे काहीही लिहावे लागत नाही. प्रत्यक्षात बिघाड बहुधा सर्व्हरपाशी होतच नाही. तो डब्याच्या पलीकडे, पुरवठादाराच्या जाळ्यात कुठेतरी होतो. तेव्हा तार जागेवर असते, इंटरफेस चालू दिसतो आणि सर्व्हरवरच्या लिनक्स या कार्यप्रणालीचा गाभा, म्हणजे कर्नल, त्याच मेलेल्या वाटेने पॅकेट (माहितीचे तुकडे) पाठवत राहतो, कारण गेटवेच्या (पुरवठादाराकडच्या पहिल्या राउटरच्या) पुढे इंटरनेट जिवंत आहे की नाही हे तो स्वतःहून तपासत नाही. ते तपासणारा वेगळा प्रोग्राम लागतो. बिलात ‘चोवीस तास देखरेख’ या नावाने त्याचे पैसे लावलेले होते. सर्व्हरवर तसा प्रोग्राम कधी बसवलेलाच नव्हता.

वेगाच्या बाबतीतली चलाखी त्याहून सोपी होती. त्याने दोन्ही जोडण्यांवर एकामागून एक चाचणी घेतली आणि दोन्ही आकड्यांची बेरीज अहवालात लिहिली. खरे तर मल्टिपाथ राउट (दोन्ही वाटा एकदम वापरणारा राउट) लावला, तरी एक कनेक्शन एकाच वाटेने जाते. अनेक वापरकर्त्यांचा भार दोन्हींकडे विभागला जाऊ शकतो, पण एकच मोठी फाइल उतरवताना वेग दुप्पट होत नाही. आमच्याकडे तर मल्टिपाथ राउटही नव्हता.

संशय आला तो वापरकर्त्यांच्या तक्रारींवरून. दुसऱ्या जोडणीच्या पत्त्यावर बाहेरून कोणी आले, तर त्याला उत्तरच मिळत नसे. कंत्राटदाराने फायरवॉलचे निमित्त सांगून ‘दुरुस्ती’ केली आणि तिचे वेगळे पैसे घेतले. ती दुरुस्ती म्हणजे आरपी-फिल्टर नावाची कर्नलमधली सेटिंग (पॅकेट ज्या वाटेने आले त्या वाटेने उत्तर जाणार नसेल, तर ते टाकून देणारी) १ वरून ० करणे, म्हणजे बंद करणे. त्यामुळे आत येणारी पॅकेट गाळली जाण्याचे थांबले, पण उत्तरे पहिल्याच जोडणीने बाहेर जात राहिली. त्यांवर प्रेषक म्हणून दुसऱ्या जोडणीचा पत्ता असल्याने पुरवठादाराने ती टाकून दिली, आणि त्यात त्याचे काही चुकले नाही; ग्राहकाला न दिलेल्या पत्त्यावरून येणारी पॅकेट अडवावीत, ही शिफारस आरएफसी २८२७ या इंटरनेटच्या कार्यपद्धतींविषयीच्या २००० सालच्या दस्तऐवजात आहे.

यावर खरा उपाय पॉलिसी राउटिंगचा आहे. प्रत्येक जोडणीसाठी स्वतंत्र राउटिंग टेबल करून, पॅकेट ज्या पत्त्यावरून निघाले त्यानुसार टेबल निवडणारे नियम लिहावे लागतात. याच कामाचे पैसे आम्ही दरमहा देत होतो. ‘आयपी रूल’ ही आज्ञा चालवली तेव्हा फक्त तीन नियम दिसले: ०, ३२७६६ आणि ३२७६७ या क्रमांकांचे. हे नियम कर्नल स्वतःच तयार करतो. कोणीही हात न लावलेल्या लिनक्स यंत्रावर तेवढेच असतात. ज्यांच्याकडून असे मासिक शुल्क घेतले जाते, त्यांनी ही एक आज्ञा आजच चालवून पाहावी.

सर्वांत मोठी लबाडी त्यानंतर उघड झाली. दोन्ही जोडण्या एकाच वेळी बंद पडल्या. त्या पूर्ववत झाल्यावर शेजारची यंत्रे दाखवणाऱ्या ‘आयपी नेबर’ या आज्ञेने पाहिले, तर दोन्ही गेटवेंचा मॅक पत्ता (यंत्राच्या नेटवर्क कार्डाची ओळख) एकच होता. एवढ्यावरून निष्कर्ष काढू नये, हेही सांगितले पाहिजे. व्हीआरआरपी (अनेक राउटरांनी मिळून एकच गेटवे चालवण्याची पद्धत) वापरणाऱ्या गेटवेंचे मॅक पत्ते ००:००:५ई:००:०१ ने सुरू होतात आणि त्यापुढचा राउटरांचा गट क्रमांक सारखा असेल, तर दोन निराळ्या पुरवठादारांकडेही नेमके तेच दिसतात. आमचा पत्ता तसा नव्हता. शिवाय दोन्ही इंटरफेसवरून वेगवेगळे ट्रेसराउट (पॅकेटच्या वाटेवरचे टप्पे दाखवणारी चाचणी) केले, तर पहिल्या टप्प्यापासून वाट तीच होती, आणि पत्त्यांच्या सार्वजनिक नोंदीत दोन्ही पत्ते एकाच ऑटोनॉमस सिस्टिमचे (एकाच संस्थेच्या ताब्यातल्या, स्वतःचा क्रमांक असलेल्या जाळ्याचे) निघाले. बिलावर दुसऱ्या कंपनीचे नाव छापून त्याने आम्हाला पहिल्याच पुरवठादाराची आणखी एक जोडणी विकली होती, आणि तीही त्याच फायबरवरून.

लेखी तक्रार केल्यावर त्याने ‘दुरुस्ती’चे पैसे परत केले; देखरेखीचे शुल्क मात्र ‘सेवा दिली आहे’ असे सांगून नाकारले. आमच्याकडे प्रात्यक्षिकाच्या अहवालावर सही केलेली होती आणि तो तिच्यावरच बोट ठेवत राहिला.

नव्या कंत्राटदाराशी करार करताना आम्ही चाचणीची पद्धतच करारात लिहून घेतली. सर्व्हरची तार जागेवर ठेवून डब्याची बाहेरची बाजू तोडायची, दोन्ही पत्त्यांवर तिसऱ्याच ठिकाणाहून कनेक्शन करायचे, आणि हे सर्व आळीपाळीने दोन्ही जोडण्यांवर करायचे. फायबर इमारतीत कोणत्या बाजूने येते याचा नकाशा आणि दोन्ही ऑटोनॉमस सिस्टिमचे क्रमांक पहिले बिल देण्यापूर्वी मागितले. आधीच्या दोन इच्छुकांनी या अटी वाचून प्रस्ताव मागे घेतला.