रेडिएटर प्रेशर टेस्टर घेतला आणि हेड खोलायचं वाचलं

चार स्टार देतोय. पाचवा का कापला ते खाली येईलच, आधी हे कशापायी घ्यावं लागलं ते सांगतो.

गाडी जुनी आहे, मेकॅनिकल पंपवालं डिझेल इंजिन, सेन्सर बिन्सर काही नाही, डॅशबोर्डवर टेम्परेचरचा एक काटा आणि तोही मनात आलं तर हलणार. दोन महिने झाले गाडी पाणी खात होती. सकाळी रेडिएटरचं झाकण उघडलं की कधी अर्धा लिटर कमी तर कधी लिटरभर, पण गाडीखाली एक थेंब नाही, सायलेन्सरमधून पांढरा धूर नाही, ऑईलची काडी काढून बघितली तर ऑईल पण ठीक, दुधाळ वगैरे काही झालेलं नाही. माल भरून चढाला लागलं की मात्र काटा लालच्या जवळ आणि ओव्हरफ्लोच्या नळीतून फसफस पाणी बाहेर. एका गॅरेजमध्ये दाखवली. त्यांनी आधी थर्मोस्टॅट, म्हणजे इंजिन तापलं की पाणी रेडिएटरकडे सोडणारा व्हॉल्व्ह, काढून टाकला (“तो लागतच नाही हो”), मग रेडिएटर उतरवून साफ केला, मग वॉटर पंप बदलला, आणि एवढं सगळं झाल्यावर म्हणतात, आता हेड गॅस्केटच असणार शेठ, हेड उतरवावं लागेल (हेड म्हणजे सिलेंडरवरचं झाकण, आणि ते आणि ब्लॉक यांच्यामधलं पॅकिंग म्हणजे गॅस्केट).

तिथे माझं डोकं सरकलं. एक एक पार्ट बदलत बसायचं आणि शेवटी हेड, याला काय शोधणं म्हणतात का! गाडी घरी आणली आणि हे किट मागवलं.

पेटीत एक हातपंप आहे, त्यावर गेज, एक नळी, वेगवेगळ्या मापाचे झाकणासारखे अडॅप्टर, आणि एक दोन्हीकडून उघडा अडॅप्टर जो रेडिएटरची कॅप तपासायला आहे (हा शेवटचा फेकून देऊ नका, मी जवळजवळ बाजूलाच टाकला होता). वापरायचं सोपं आहे. इंजिन पूर्ण थंड पाहिजे म्हणजे पाहिजेच, पाणी मानेपर्यंत भरायचं, कॅपच्या जागी अडॅप्टर बसवायचा आणि कॅपवर जेवढा आकडा लिहिलाय तेवढंच प्रेशर द्यायचं, जास्तीचा शहाणपणा केला तर जुना रेडिएटर नाहीतर होज फाटणार. माझ्या कॅपवर ०.९ आहे, म्हणजे ०.९ बार, साधारण १३ पीएसआय.

१३ पर्यंत नेलं आणि थांबलो. दहा मिनिटात काटा ९ वर. म्हणजे पाणी कुठूनतरी जातंय हे नक्की, आणि इंजिन बंद असल्यामुळे फॅन नाही, आवाज नाही, वाफ नाही, बॅटरी घेऊन निवांत शोधता येतं. वरचा होज कोरडा, खालचा कोरडा, वॉटर पंपाच्या खाली जे बारीक भोक असतं (आतलं सील गेलं की पाणी तिथून येतं) ते पण कोरडं. शेवटी ब्रेकच्या एअर कॉम्प्रेसरला जो पाण्याचा छोटा होज जातो त्याच्या क्लिपखाली मोहरीएवढा थेंब फुगताना दिसला. फुगला, घरंगळला, परत दुसरा. त्याच्या खाली ब्लॉकवर हिरवट पांढरी रेघ वाळलेली, मीठ साठल्यासारखी. गाडी चालू असताना तो थेंब गरम ब्लॉकवरच वाळून जायचा, जमिनीवर कधी येणार! होज बोटाने दाबला तर टोकाला लाकडासारखा कडक झालेला. नवीन होज, नवीन क्लिप, वीस मिनिटांचं काम.

पण चढावर पाणी बाहेर का फेकते ते अजून कळलं नव्हतं. तेव्हा तो दुसरा अडॅप्टर आठवला. कॅप लावून पंप मारला तर ५ पीएसआयलाच सुस्स करून सोडून देते. कॅप १३ च्या आधी सुटायला नको, ही ५ ला सुटते. साधं पाणी समुद्रसपाटीला १०० डिग्रीला उकळतं, ०.९ बारचं प्रेशर धरलं की जवळपास ११९ ला, आणि माझ्या कॅपच्या कृपेने १०८ च्या आसपास. हे सगळं साध्या पाण्याचं झालं, कुलंट मिसळला की आकडा अजून थोडा वर जातो, पण दहा डिग्रीचा फरक राहतोच, आणि भरलेल्या गाडीला चढावर तोच खेळ असतो. रेडिएटर साफ झाला, पंप बदलला, पण झाकणाकडे कोणी बघितलं नाही, कारण झाकण तर झाकणच ना. आतला छोटा व्हॅक्यूम व्हॉल्व्ह (इंजिन थंड होताना बाहेरून परत आत ओढू देणारा) पण चिकटलेला होता, म्हणून गाडी थंड झाल्यावर वरचा होज चपटा व्हायचा, तो मी कित्येकदा बघितला होता आणि होज जुना झालाय म्हणून सोडून दिला होता.

आता हेड गॅस्केट. होज आणि कॅप बदलल्यावर टेस्टर परत लावला, थोडं प्रेशर दिलं आणि थंड इंजिन स्टार्ट केलं. सिलेंडरमधला गॅस पाण्यात घुसत असेल तर स्टार्ट होताच काटा थरथरत भराभर वर चढतो (असं झालं तर लगेच बंद करून प्रेशर सोडा). माझा काटा जागचा हलला नाही. मिनिटभर बघितलं, बंद केलं, हेडचा विषय संपला.

थर्मोस्टॅट पण परत बसवला, ८२ डिग्रीचा, आधी गरम पाण्यात सोडून उघडतो का ते बघून. काढून टाकणाऱ्यांना एवढंच सांगतो, बऱ्याच इंजिनात गरम झाल्यावर बायपासचं भोक तोच बंद करतो, तो नसला की थोडं पाणी रेडिएटरला न जाताच परत इंजिनात फिरतं, आणि रिकाम्या गाडीला इंजिन थंडच राहतं ते वेगळं.

आता तक्रारी. गेज ३५ पीएसआयपर्यंतचा आहे, आपलं काम १५ च्या आत, त्यामुळे काटा एक-दोन पीएसआय पडला तर डोळे ताणून बघावं लागतं. मोठ्या अडॅप्टरचं रबर पातळ आहे, वाकडं बसलं की तिथूनच हवा जाते, पहिल्या संध्याकाळी मी तासभर गाडीतली गळती शोधत होतो आणि गळत होतं किटच. त्यामुळे आधी कोरड्या चांगल्या कॅपवर लावून किट स्वतः प्रेशर धरतं का ते बघा. माहितीपत्रक म्हणजे एका कारचं चित्र आणि चार ओळी, गरम इंजिनचं झाकण उघडू नका हे सुद्धा नीट लिहिलेलं नाही, जे पहिल्या ओळीत लाल अक्षरात पाहिजे होतं.

आणि हे किट काय सांगत नाही ते पण बघून घ्या. पंपाचं सील कधीकधी फिरतानाच गळतं, ते थांबलेल्या इंजिनात दिसणार नाही. कुलंट चांगलं की मेलेलं हे पण कळत नाही, त्याला टेस्ट स्ट्रिप वेगळ्या घ्या. वेट लायनरचं इंजिन (ज्यात सिलेंडरच्या नळीला, म्हणजे लायनरला, बाहेरून थेट पाणी लागतं) असेल तर घ्याच, कारण लायनर थरथरतो तेव्हा पाण्यात बारीक बुडबुडे होऊन त्याच्या अंगावर फुटतात आणि हळूहळू टाचणीएवढी भोकं पाडतात, त्याच्यापासून वाचवणारं ॲडिटिव्ह संपलंय का ते स्ट्रिपचा रंगच सांगतो. नुसतं नळाचं पाणी भरत राहिलात तर ॲडिटिव्ह पातळ होतं आणि वरून क्षार बसतात, मी दोन महिने तेच करत होतो, म्हणून शेवटी सगळं काढून डिस्टिल्ड वॉटर आणि कुलंट निम्मं निम्मं भरलं. काढलेलं कुलंट उघड्यावर ठेवू नका, चवीला गोड असतं आणि कुत्र्याने चाटलं तर जिवावर बेततं.

तीन महिने झाले, मानेतलं पाणी तिथंच आहे. किट सध्या माझ्याकडे नाहीये, आधी एक ड्रायव्हर घेऊन गेला, त्याच्याकडून दुसरा, आता कोणाकडे आहे ते विचारावं लागेल, आलं की आधी ते रबर बघतो.