१३ मिलिमीटरचे बेंच ड्रिल: बेसपुरते परीक्षण

घरच्या छोट्या कार्यशाळेसाठी गेल्या वर्षी मी १३ मिलिमीटर क्षमतेचे बेंच ड्रिल मशीन घेतले. दुकानात सारे बोलणे मोटर, चक (ड्रिल बिट पकडणारा भाग) आणि वेगाचे टप्पे यांविषयीच झाले. ज्या बिडाच्या बेसवर हा सगळा डोलारा उभा आहे, त्याकडे कोणीच पाहिले नाही, मीही नाही. आता त्याचे गुणदोष पुरेसे कळले आहेत.

मशीन उलथू नये एवढ्यासाठीच बेस जड असतो, हा माझा समज अपुरा होता. तेवढेच काम असते, तर उत्पादकाने त्याची वरची बाजू मशीनिंग करून सपाट करण्याचा खर्च केला नसता. वस्तू ठेवायचे टेबल मशीनच्या उभ्या खांबाभोवती बाजूला फिरवले की हा बेसच दुसरे टेबल होतो आणि टेबलावर न मावणारी उंच वस्तू त्यावर उभी करता येते. स्टुलाच्या पायांच्या टोकांना भोके पाडताना मला हा उपयोग प्रथम कळला.

वस्तू जखडण्यासाठी बेसमध्ये दोन समांतर खाचा आहेत. कोपऱ्यांतील चार भोके मशीन बाकाला बसवण्यासाठी आहेत. माझी मुख्य तक्रार खाचांबाबत आहे. त्या टी-स्लॉट (आत रुंद, वर अरुंद खाचा, ज्यांत बोल्टचे डोके अडकते) नसून आरपार आहेत, त्यामुळे क्लॅम्पचा बोल्ट खालूनच घालावा लागतो; आणि मशीन एकदा बाकावर घट्ट बसवले की खाली हात जाणार कुठून? शेवटी बेसखाली सागवानी लाकडाच्या दोन जाड पट्ट्या घालून मी हाताला वाट केली. टी-स्लॉट असते तर बोल्ट कडेने सरकवता आला असता.

ड्रिल बेसशी काटकोनात असण्याच्या बाबतीत मात्र मशीनने निराश केले नाही. टेबल डावी-उजवीकडे कलते, त्यामुळे त्या दिशेची चूक सुधारता येते. बेसला तशी सोय नाही, तिथे खांब आणि बेस यांचा जोड कारखान्यात जसा झाला तसाच राहतो. चकमध्ये वाकवलेली जाड तार धरून मी ती हाताने फिरवली, तेव्हा तारेचे टोक आणि बेस यांमधील फट चारही बाजूंना जवळजवळ सारखी आली. पट्ट्या घालून बोल्ट आवळल्यावर मात्र पुढची फट वाढली, कारण माझ्या बाकाची फळी किंचित पिळलेली होती. बीड ठिसूळ असते. अशा वेळी पान्याने जोर लावण्याऐवजी उचललेल्या कोपऱ्याखाली पातळ पत्र्याची शिम घालावी. तेवढ्याने फट पुन्हा सारखी झाली.

कडेने फिरणारी पन्हळ कापण्याचे तेल किंवा कूलंट गोळा करण्यासाठी असते. इथे पन्हळ आहे, पण तिला निचऱ्याचे भोकच नाही, त्यामुळे ती निव्वळ शोभेची ठरते. तेलकॅनमधून चार थेंब सोडणाऱ्या माझ्यासारख्याला त्याने फारसे बिघडत नाही. फक्त लाकडाचा भुसा त्या तेलात मिसळून चिखल होतो आणि तो खरवडून काढावा लागतो.

मशीनिंग केलेल्या भागाला रंग नसल्यामुळे पावसाळ्यात दोन आठवडे दुर्लक्ष झाले तरी त्यावर तांबूस गंज दिसू लागतो. काम संपल्यावर मी तेलाचा बोळा फिरवतो, खाचांच्या आतल्या कडांवरूनही.