मनाचा रोजमेळ: डेलिओ अ‍ॅप चौदा महिने वापरल्यावर

आधीच सांगतो, डेलिओ हे रोजचा मूड नोंदवायचं अ‍ॅप आहे, ते डिप्रेशन बरं करत नाही. माझं जे काय बरं झालंय ते गोळीने, डॉक्टरांनी, बायकोने आणि थोडंफार माझ्या पायांनी केलंय, अ‍ॅपने फक्त हिशोब ठेवला. पण मी अकाउंट्सवाला माणूस, नाशिकला अंबड एमआयडीसीत एका कंपनीत बसतो, त्यामुळे हिशोब ठेवणं ही काय बारकी गोष्ट नाही हे मला माहितीये. रोजमेळ, म्हणजे रोजच्या जमाखर्चाची वही, लिहिलेला नसेल तर मार्चमध्ये कोण काय तोंडी सांगतंय त्यावर भरवसा ठेवावा लागतो, आणि डिप्रेशनमध्ये तोंडी सांगणारा एकच असतो, आपलं त्या दिवशीचं डोकं, आणि ते एक नंबरचं खोटारडं.

झालं असं की गोळी सुरू झाल्यावर डॉक्टर दर वेळी विचारायचे, मागचे पंधरा दिवस कसे गेले? मी म्हणायचो, तसेच, काहीच फरक नाही. तिसऱ्या खेपेला बायको सोबत होती, ती म्हणाली, अहो काय सांगताय, परवा पोरीबरोबर पत्ते खेळलात की तासभर, आणि हसलात पण. मला आठवतच नव्हतं! म्हणजे खेळलो ते आठवत होतं, पण त्यात बरं वाटलं होतं हे पार पुसलेलं. डॉक्टर म्हणाले, लिहून आणत जा, कागदावर आणा नाहीतर मोबाइलवर, पण लिहा.

पहिल्यांदा मी भलतंच एक अ‍ॅप घेतलं, नाव नाही लिहीत. त्यात एक झाड होतं, रोज नोंद केली की वाढायचं आणि नाही केली की सुकायचं. आता मला सांगा, ज्या माणसाला सकाळी दात घासायला उठणं होत नाही त्याला तुम्ही सुकलेलं झाड दाखवणार? चार दिवस काही लिहिलं नाही, पाचव्या दिवशी उघडलं तर सगळी पानं गळालेली, आणि मी खरंच रडलो त्या कार्टून झाडासाठी, आज हसू येतं पण तेव्हा नव्हतं येत. वर सात दिवसांनी ट्रायल संपली आणि वर्षाचे पैसे कापले गेले. ते काढून टाकलं आणि डेलिओवर आलो.

डेलिओचं काम साधं आहे. पाच चेहरे असतात, त्यातला एक दाबायचा, मग खाली आज काय काय केलं त्याचे आयकॉन असतात, काम, झोप, मित्र, व्यायाम वगैरे, ते दाबायचे, वाटलं तर दोन ओळी लिहायच्या, नाही लिहिलं तरी चालतं. अर्धा मिनिट. वाईट दिवशी मला दोन ओळीसुद्धा जड जायच्या पण एक चेहरा दाबता यायचा, आणि हाच त्याचा सगळ्यात मोठा गुण म्हणेन मी. डायरी लिही असं सगळेच सांगतात, पण डायरी लिहिता येते तेव्हा माणूस आधीच थोडा बरा असतो.

चेहऱ्यांची नावं इंग्लिशमध्ये येतात, रॅड, गुड, मे, बॅड, ऑफुल. मला काय ते रॅड कळेना. नावं बदलता येतात म्हणून मी बदलून टाकली: झकास, बरंय, चाललंय, नको वाटतंय, आणि शेवटचं ‘पार बसलो’. बदलून घ्याच असं सांगेन, कारण ‘बॅड’ दाबताना मी विचार करत बसायचो की हे बॅड का ऑफुल, ‘पार बसलो’ला विचार करावा लागत नाही, माणसाला माहीत असतं. आयकॉनपण स्वतःचे टाकले: चहा बाहेर, आंघोळ (हसू नका, काही दिवस ती पण अ‍ॅक्टिव्हिटीच असते), आईशी बोललो, गोळी, जॉगिंग ट्रॅक.

आईला एकदा दाखवलं तर म्हणाली, अरे मग कालनिर्णयवर लिही की, मी दुधाचे खाडे लिहिते तसे, त्याला मोबाइल कशाला? तशी बरोबर आहे ती. पाच रंगांची पेनं आणि भिंतीवरचं कॅलेंडर घेतलं तरी निम्मं काम होतं, फक्त भिंतीवर लिहिलं की घरात येणारा प्रत्येक पाहुणा वाचतो.

आता खरी गंमत. यात ‘इयर इन पिक्सेल्स’ म्हणून एक पान आहे, बारा महिने आणि त्यांचे दिवस, प्रत्येक दिवसाचा एक छोटा चौकोन, त्या दिवशीच्या मूडच्या रंगाचा. सहा महिन्यांनी मी ते नीट बघितलं. माझी पक्की समजूत होती की मला जीएसटी खातो, महिन्याच्या २० तारखेला ३बी हे रिटर्न भरायचं असतं, त्याआधीचे चार दिवस ऑफिसात मारामारी असते, तर तिथेच काळं दिसणार. आणि बघतो तर १७ ते २० ‘चाललंय’ने भरलेले, दोन तर ‘बरंय’. आणि २१, २२, २३ सहापैकी पाच महिने बसलेले. तसंच रविवारचं. सोमवारला शिव्या घालत होतो मी इतकी वर्षं आणि सोमवार बिचारा ठीक होता, रविवारची दुपार घात करत होती, जेवण झालं, सगळे झोपले, आणि मी पंख्याकडे बघत पडलेलो. म्हणजे मला काम खात नव्हतं, काम संपल्यावरचं रिकामपण खात होतं. हे मला कुणी तोंडी सांगितलं असतं तर मी भांडलो असतो. स्वतःच्याच नोंदीशी कसं भांडणार?

हे घेऊन डॉक्टरांनी मला ज्या कौन्सेलर मॅडमकडे पाठवलं होतं त्यांच्याकडे गेलो, त्या म्हणाल्या, यावर बिहेवियरल अ‍ॅक्टिव्हेशन म्हणून एक पद्धत आहे, मूड येईल मग काहीतरी करीन असं थांबायचं नाही, आधी ठरलेलं छोटं काहीतरी करायचं, मूड मागून येतो, आला तर. मग २१ आणि २२ तारखेला संध्याकाळी कृषीनगरच्या ट्रॅकवर एका मित्राबरोबर दोन राऊंड असं ठरवून टाकलं. तो येतोच, त्याला यायला लागतं, म्हणून मला पण जायला लागतं.

इथे एक गोम आहे. अ‍ॅप तुम्हाला दाखवतं की अमुक केलं त्या दिवशी मूड चांगला असतो. माझ्याकडे ‘ट्रॅक’वाले दिवस भारी दिसतात. पण ट्रॅकवर गेलो म्हणून बरं वाटलं का बरं वाटत होतं म्हणून ट्रॅकवर गेलो? पार बसलेल्या दिवशी मी जाणारच नाही, मग ते दिवस त्या हिशोबात येणारच कुठून. मॅडमना विचारलं तर म्हणाल्या, मग जायची इच्छा नसताना गेलात ते दिवस वेगळे लिहा. मी ‘ओढून नेलं’ असा नवा आयकॉन केला. त्या दिवशी झकास कधीच नाही आलं, पण ‘नको वाटतंय’चं ‘चाललंय’ झालेलं बऱ्याचदा दिसतं. एवढं मला बास आहे.

दुसरी गोम वेळेची. मी रिमाइंडर रात्री साडेनऊचा लावलेला आणि सगळे दिवस बरे दिसायला लागले, डॉक्टर खुश, पण बायको म्हणते सकाळी तर उठवत नाही यांना. डिप्रेशनमध्ये बऱ्याच जणांचं असं असतं की सकाळ सगळ्यात जड आणि संध्याकाळकडे थोडं हलकं होतं, आणि मी नेमकं हलक्या वेळी मोजत होतो. मग सकाळी आठ आणि रात्री अशा दोन नोंदी सुरू केल्या, दिवसात कितीही करता येतात. मग खरं चित्र आलं.

डॉक्टरांना अ‍ॅपपेक्षा पीएचक्यू-९ जास्त आवडतं. ती नऊ प्रश्नांची प्रश्नावली आहे, २००१ सालची, मागच्या दोन आठवड्यांबद्दल विचारते, प्रत्येकाला ० ते ३, एकूण २७, ती वापरायला पैसे लागत नाहीत. १० किंवा त्याच्या वर गेलं की मध्यम, २० पासून पुढे तीव्र, असं साधारण. मी दर दुसऱ्या रविवारी भरून आकडा डेलिओच्या नोटमध्ये टाकतो. १७ ला सुरुवात केली, दीड महिन्याने १२, आता ६-७ मध्ये असतो. गोळी सुरू करून आठवडाच झालाय आणि काही फरक नाही म्हणून बंद करायला निघालेले लोक मी बघितलेत (मी पण त्यातलाच), त्यांनी हे जरूर करावं, कारण या गोळ्यांना दोन-चार आठवडे तर लागतातच, कधी त्याहून जास्त, आणि माझ्या नोटमध्ये पहिले दहा दिवस नुसती मळमळ लिहिलेली आहे. आणि ग्राफ उलटा, म्हणजे झोप तीनच तास आणि तरी रोज झकास झकास दिसायला लागला तर खुश होऊ नका, ते पण डॉक्टरांना लगेच दाखवा, डिप्रेशनच्या गोळीने कधी कधी गाडी भलत्याच टोकाला जाते.

त्या प्रश्नावलीतला नववा प्रश्न स्वतःला संपवण्याच्या विचारांचा आहे. तिथे शून्याच्या वर काहीही टाकावं लागलं तर ते अ‍ॅपमध्ये लिहून फोन खिशात घालायचा नाही, घरातल्या कुणाला तरी सांगायचं आणि डॉक्टरला फोन करायचा. आपल्याकडे सरकारची टेलि-मानस लाइन आहे १४४१६, फुकट आहे, चोवीस तास, मराठीत बोलता येतं. मी एकदा लावलाय, रात्री दोनला. बाकी काही सांगत नाही पण समोर माणूस होता.

माझी स्वतःची चूक पण सांगतो. मध्ये एक महिना मी दिवसातून दहा-अकरा वेळा अ‍ॅप उघडायचो, आता कसं वाटतंय, आता कसं वाटतंय, ताप आलेल्या पोराच्या कपाळाला हात लावून बघावं तसं. मूडची सरासरी ३.१ वरून २.९ झाली म्हणून एक अख्खी संध्याकाळ घालवली. अरे, ते पाच चेहरे मीच दाबलेले, त्यांची सरासरी काढून मीच घाबरतोय! सलग किती दिवस नोंद केली ते पण दिसतं, तो आकडा तुटला की जीवाला लागायचं. आता त्याकडे बघतच नाही, आकडेवारीचं पान फक्त डॉक्टरकडे जायच्या आदल्या दिवशी उघडतो. चार दिवस लिहिलं नाही तर रिकामं ठेवतो, मागून आठवून भरत नाही. ऑफिसात बॅकडेटेड एंट्री खपवून घेत नाही तर इथे कशाला.

प्रायव्हसीचं म्हणाल तर मी डेलिओ घ्यायचं निम्मं कारण तेच. नोंदी आपल्या फोनमध्येच राहतात, बॅकअप आपल्याच गूगल ड्राइव्हवर. बाकी या धंद्यात फार विश्वास ठेवू नका, २०२२ मध्ये मोझिलाने मनःस्वास्थ्य आणि प्रार्थनेची ३२ अ‍ॅप्स तपासली त्यातल्या २८ ना प्रायव्हसीसाठी धोक्याचा शेरा मिळाला होता. तुम्ही कधी पार बसता ही माहिती जाहिरातवाल्यांना सोन्याच्या भावाची असते. अ‍ॅप टाकताना कॉन्टॅक्ट, लोकेशन मागत असेल तर नाही म्हणा. आणि आपला फोन घरात सगळे हाताळतात, तेव्हा लॉक लावा.

पैशाचं: फुकटवालं चौदा महिने पुरलंय मला. प्रीमियम घेतलं नाही, घ्यायची गरज पडली नाही.

पाचपैकी चार. एक कापला कारण नवीन माणसाला पहिल्या दिवशी सगळं इंग्लिशमध्ये समोर येतं आणि माझ्या आईसारखीने तिथेच सोडून दिलं असतं. तिने तिचं कालनिर्णयवर चालू केलंय बरं का, दुधाच्या खाड्यांच्या शेजारी बारीक टिंबं असतात हिरवी-लाल. विचारलं तर म्हणते, गुडघ्याची आहेत. पण परवा बघितलं, ज्या दिवशी मी फोन केला नव्हता त्या दिवशी लाल होतं.