आठ महिने दोन 'एज ऑफ एम्पायर्स': १९९९ चा आणि २०२१ चा

जूनपासून 'एज ऑफ एम्पायर्स' या कॉम्प्युटरवर राज्य उभारून लढायच्या खेळाचे दोन भाग आलटूनपालटून खेळतोय, दुसरा आणि चौथा. दुसरा मूळचा १९९९ चा. मी खेळतो ती त्याची २०१९ ची डेफिनिटिव्ह एडिशन, म्हणजे नव्याने घडवलेली आवृत्ती. चौथा २०२१ चा. समोर बहुतेक वेळा १६ वर्षांचा भाचा असतो, त्यामुळे जुन्या आठवणींचा प्रश्न निदान त्याच्या बाजूने तरी नाही.

देखणेपणात चौथा पुढे, त्यावर वाद नको. दगडी तटावर सैनिक चढवता येतात. डावात पुढच्या युगात गेलं की माणसांची बोलीही बदलते. हे पहिल्यांदा लक्षात आलं तेव्हा मी सगळं सोडून नुसता ऐकत बसलो होतो. दिल्ली सल्तनत घेऊन खेळलं तर संशोधन, म्हणजे नव्या सुधारणा मिळवणं, फुकट पण संथ, आणि मशिदीत विद्वान बसवले की त्याला वेग येतो, ही कल्पनाही फार आवडली.

तरी रात्री अकराला एकच डाव खेळायचा असेल, तर आम्ही दोघंही दुसराच लावतो. असं का, हे कळायला मला बरेच दिवस लागले. उत्तर शेतात होतं.

दुसऱ्या भागात शेताला ६० लाकूड लागतं आणि काही वेळाने ते शेत संपतं. पुन्हा ६०. तिरंदाजांचं लाकूडही त्याच ढिगातून जातं. म्हणजे आज खायचं की लढायचं, हा हिशोब डावभर सुटत नाही. चौथ्यात शेत एकदा बांधलं की संपतच नाही. सोय झाली खरी, पण ती ओढाताणही गेली.

१९९९ ची मूळ आवृत्ती जुन्या कॉम्प्युटरवर आठवडाभर खेळून पाहिली. ती मात्र आता झेपत नाही. संपलेलं प्रत्येक शेत शोधून हाताने पुन्हा पेरायचं, आणि सैनिक एका वेळी ४० च निवडता येणार. डेफिनिटिव्हमध्ये पेरणी आपोआप होते, लाकूड मात्र वजा होतंच. हाताची कटकट काढली, डोक्याची ठेवली. माझ्या मते जुना खेळ टिकलाय तो यामुळेच.

शिवाय दुसऱ्यात गर्दीतही भालाईत कुठला, नाइट (चिलखती घोडेस्वार) कुठला, हे लांबून कळतं. चौथ्यात मला अजून झूम करावं लागतं.

दुसऱ्या भागाला २०२२ मध्ये जोडलेल्या 'डायनॅस्टीज ऑफ इंडिया' या पुरवणीतली राजेंद्र चोळाची मोहीम जरूर खेळा. भाचा परवा तिथे जहाजांपायी लाकूड संपवून हरला. "मामा, थांब, या वेळी शेतं कमी लावतो," म्हणाला आणि तोच डाव पुन्हा सुरू केला.